एकेचाळीस गुडघे

आमच्या घरात भांडणं मिठावरून होत नाहीत, बोरॉनवरून होतात. खोटं वाटत असेल तर हुपरीत येऊन कुणालाही विचारा. नवरा कारखान्यात भट्टीवर आणि मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापाशी. तो लोखंड भाजतो, मी ते नीट भाजलंय का ते बघते. म्हणजे एकोणतीस वर्षं मी नवऱ्याच्या कामाला नावं ठेवायचा पगार घेतेय. अशी नोकरी किती बायकांना मिळते, सांगा.

माझं नाव विजयमाला मगदूम. यांचं पायगोंडा. हुपरी हे चांदीचं गाव, आणि मगदूमांच्या घरात तीन पिढ्या पैंजण घडले. हेसुद्धा पंचविशीपर्यंत फुंकणी तोंडात धरून चांदीचे सांधे जोडायचे, डाग द्यायचे. पुढं यंत्रानं जोडलेले पैंजण आले, घरचं काम आटलं, आणि हे जवळच्या एमआयडीसीत भट्टीवर लागले. भट्टीचा रंग बघून उष्णता सांगतात, अगदी पाच-दहा अंशांच्या फरकानं. त्याचा गर्व इतका की मापकानं वेगळा आकडा दाखवला तर मापकालाच शिव्या.

घरात तिसरं माणूस म्हणजे पद्माक्का, यांची थोरली बहीण. यांच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे पाच वर्षांचे होते आणि आक्का बारा. तेव्हापासून त्याच यांची आई. आक्काला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, उजवा पाय वाळला. पाऊल टाकायचं तर उजव्या हातानं गुडघा मागं दाबून धरायचा, कमरेत वाकायचं आणि मग डावा पाय उचलायचा. सगळा जन्म असा वाकून गेला. त्यामुळं चालताना त्यांचा एकच हात मोकळा असायचा. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं, की या बाईनं आयुष्यात कधी दोन्ही हातांत काही धरून दार ओलांडलेलं नाही.

मग पायजोड आला.

पायजोड तुम्ही पाहिला असेलच, आता तो तालुक्याच्या केंद्रातही मिळतो. मांडीपासून घोट्यापर्यंतचा हलका सांगाडा, मांडीच्या स्नायूची हालचाल ओळखणारी पट्टी, आणि गुडघ्यापाशी छोटी मोटर. त्या मोटरचा सगळा जोर एका दातेरी चाकावर येतो. पूर्वी ते चाक भारी पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढायचे, म्हणून पायजोड फक्त श्रीमंतांचा. आमच्या कारखान्यानं ते पुडीतून बनवलं, आणि तो सायकलीच्या भावात आला.

पुडीतून म्हणजे कसं, ते सांगते. लोखंडाची बारीक पूड साच्यात दाबायची, रव्याचा लाडू दाबून वळतो तशी. मग ती वडी भट्टीत घालायची, पण वितळू द्यायची नाही. उष्णतेनं कण एकमेकांना जिथं टेकलेत तिथं चिकटतात. चाक तयार होतं, कोरायची गरज नाही, वाया काही जात नाही. खोट एवढीच की कणांच्या मध्ये पोकळ्या राहतात. अशा चाकावर माणसाचा भार टाकला की ते लवकर झिजतं. त्यावर उपाय बोरॉन. बोरॉन आणि लोखंड एकत्र आले की दोघंही आपापल्या नेहमीच्या उष्णतेच्या कितीतरी आधी, पावणेबाराशे अंशांच्या आसपास, वितळायला लागतात. तेवढा थेंबभर रस कणांमधून पळतो आणि पोकळ्या भरून काढतो. लाडवात पाक घातल्यासारखं. पण पाक जास्त झाला तर लाडवाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. थंड होताना हा रस दाण्यांच्या सीमेवर बसतो, काचेसारखा कडक आणि काचेसारखाच ठिसूळ. थोडा असला तर तुटक-तुटक बेटं बनतात, त्रास नाही. जास्त झाला की त्याची सलग जाळी होते, आणि एक तडा गेला की त्या जाळीतून आरपार पळतो. म्हणून शंभर किलो पुडीत दोनशे ग्रॅम बोरॉन, त्याहून कणभर जास्त नाही. ही कृती डॉक्टर मृण्मयी हेब्बाळे यांची. वय बत्तीस, हुशार पोरगी, मला काकू म्हणते.

तर आक्काला तीन वर्षांपूर्वी पायजोड बसला. पहिल्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून सोप्यात आल्या, दोन्ही हातांत ताट घेऊन. ताटात काही विशेष नव्हतं, चहाचे तीन कप होते. हे ताडकन उठले आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

त्यानंतर आक्का आमच्या हातात राहिल्या नाहीत. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कोल्हापूरला जाऊन करकर वाजणारी चप्पल आणली. बाजार त्या करणार. शेजारच्या बायकांना घेऊन पिक्चरला जाणार. एकदा तर सकाळी गेल्या आणि संध्याकाळी मिरजेहून फोन, "मी मुक्कामाला आहे, वाट बघू नका." मला मनातून मजा वाटायची. यांचा मात्र जीव वरखाली व्हायचा. साठ वर्षं जी बाई सोप्यात दिसायची, ती आता दिसेनाशी झाली होती, आणि ते यांना सोसत नव्हतं. वरून चिडायचे, आतून घाबरलेले असायचे.

त्या बुधवारी जेवताना आक्कानं जाहीर केलं, "रविवारी आम्ही बाहुबलीला दर्शनाला चाललोय. मी डोंगर चढणार."

"डोलीत बसून जा," हे म्हणाले.

"डोलीत बसायला पाय कशाला लागतोय? चढणार म्हटलं मी."

"अगं, सपाटीवर चालणं वेगळं आणि पायऱ्या वेगळ्या. प्रत्येक पायरीला सगळा भार त्या एका चाकावर येतोय. विचार की हिला."

हिला म्हणजे मला. मी म्हटलं, "पायऱ्यांसाठी जाड दात्यांचं चाक निघालंय. पहिली खेप उद्याच भाजायचीय. त्यातलं एक आक्काला बसवून घेऊ."

"बघ," आक्का म्हणाल्या. "तू भाज आणि ही तपासू दे. घरचंच तर आहे."

यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच आक्काला कड्यावरून ढकलतेय. मग मुकाट्यानं भात कालवायला लागले.

गुरुवारी त्रेचाळीस चाकांची खेप भाजून निघाली, एकेचाळीस केंद्रासाठी आणि दोन माझ्या तपासणीसाठी. शुक्रवारी सकाळी तपासयंत्रावर चढली. हे यंत्र नवीन. ते चाकाचं वजन घेतं, घनता काढतं, कडकपणा बघतं, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधतं आणि हिरवा दिवा लावतं. या खेपेला असे आकडे आले की मीसुद्धा चष्मा पुसून परत बघितले. एवढं घट्ट आणि एवढं कडक चाक आमच्याकडं कधीच निघालं नव्हतं.

आता माझी चूक सांगते, कारण पुढं सगळं यांच्यावर ढकलल्यासारखं होईल. यंत्र आल्यापासून चाक कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सक्ती उरली नव्हती. तरी मी दर खेपेतलं एक कापायचेच. कापायचं, घासायचं, आरशासारखं चकचकीत करायचं, सौम्य आम्लात बुडवायचं आणि आधी डोळ्यांनी बघून मग सही करायची. एकोणतीस वर्षांत कधी चुकवलं नाही. त्या शुक्रवारी मी आधी सही केली. आक्काचं चाक संध्याकाळपर्यंत बसायला हवं होतं, आणि केंद्राची गाडी दुपारी दोनला निघणार होती. म्हटलं, उद्या बघते सावकाश. दिवा तर हिरवाच आहे.

संध्याकाळी आक्काला नवीन चाक बसलं. अंगणात त्यांनी तीनदा पायरी चढून उतरून दाखवली. हे कौतुकानं हसत होते, आणि मला वाटलं, चला, आला एकदाचा ताळ्यावर माणूस.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

चांगल्या चाकात काय दिसतं, तर करडे दाणे आणि मधेमधे तुटक पांढरे ठिपके. बाहेरची साल घट्ट असते, गाभ्यात थोड्या पोकळ्या. या चाकात दाण्यांभोवती पांढरी जाळी होती. सलग. सालीपासून गाभ्यापर्यंत कुठं तुटलेली नव्हती. ठरलेल्या कृतीत एवढं बोरॉन नव्हतंच, मग आलं कुठून? बोरॉनचा आलेख काढला. सालीकडं सगळ्यात जास्त, आत कमी होत गेलेलं. म्हणजे ते पुडीतलं नव्हतं, बाहेरून शिरलं होतं.

तपासणीचं दुसरं चाक उलटं करून बघितलं. खालच्या बाजूला, जिथं ते ट्रेला टेकतं, तिथं मोहरीएवढा काचेचा थेंब चिकटला होता, पारदर्शक, किंचित हिरवट. डॉक्टर हेब्बाळेंना तो ओळखू आला नसता. मी हुपरीची सून. चांदीला डाग देताना विटेवर असे थेंब सांडलेले मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून खरवडत आलेय. तो टाकणखार होता. आणि टाकणखार म्हणजे बोरॉन, हे मी शाळेत शिकले होते.

तशीच उठले आणि भट्टीवर गेले. हे पुढच्या खेपेचे ट्रे मांडत होते.

"टाकणखार कुठं आहे?" मी विचारलं.

"कसला टाकणखार?"

"माझ्याशी नाटक नको. डबी कुठं आहे ती दाखवा."

यांनी आधी मागं कुणी आहे का बघितलं. मग कपाटामागून स्टीलची डबी काढली आणि छोटी सहाणसुद्धा. सहाण! कारखान्यात, भट्टीच्या मागं! यांच्या वडिलांची होती, त्यांच्या हातची.

"चिकटायच्या वड्या ट्रेला," हे हळू आवाजात म्हणाले. "चाचण्यांत किती मोडल्या, आठवतंय ना? मग मी चिमूटभर उगाळून ट्रेला हात फिरवायला लागलो. घरी विटेला लावायचो तसा. चिकटायच्या थांबल्या. त्यात काय एवढं?"

"कधीपासून?"

"पायजोडाच्या पहिल्या खेपेपासून."

मी स्टूल ओढून बसले. तीन वर्षं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो की आमच्या चाकाची साल आपोआप घट्ट होते. डॉक्टर हेब्बाळेंनी त्यावर निबंध लिहिला होता, परदेशात वाचला होता. घट्ट साल आणि लवचीक गाभा, म्हणून तर हजारो माणसं त्या चाकांवर चालत होती. आणि ती साल येत होती या माणसाच्या चिमटीतून. कृतीच्या कागदावर ती नव्हतीच.

"आणि या खेपेला?" मी विचारलं. "या खेपेला चिमूट नाही, मूठ आहे. खोटं बोलू नका."

यांनी हातमोजे काढले, परत घातले. "आक्का डोंगर चढणार म्हणाली. म्हटलं, जरा पक्कं होऊ दे. टाकणखारानं चाक चांगलं निघतं एवढं मला दिसत होतं. ट्रेला तीन थर दिले. वड्यांवरनंही शिंपडला थोडा." आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं? आकडे तर चांगले आलेत म्हणालीस."

"ते आकडे दाबून बघितल्याचे आहेत. हळूहळू दाबलं तर ते चाक हत्ती पेलेल. पण झटका बसला तर बिस्किटासारखं मोडणार. पायरी म्हणजे झटकाच की हो!"

माणसाचा चेहरा पांढरा पडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आक्काला लावला. उचलला नाही. मी लावला. उचलला नाही. मग शेजारच्या सुनंदाबाईंना लावला तर त्या म्हणाल्या, "पद्माक्का सकाळीच गेल्या की जीपमधनं. रविवार सांगितला होता, पण म्हणाल्या, भाऊ उद्या दारात आडवा पडेल, आजच जाऊ. आणि आज दोघांचाही फोन उचलणार नाही म्हणाल्या."

स्कूटर यांनी चालवली. पाऊण तासाचा रस्ता. मी मागं बसून डॉक्टर हेब्बाळेंना फोन लावला आणि वाऱ्यातच ओरडून सगळं सांगितलं. तिनं मला सगळं परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "काकू, एकेचाळीसच्या एकेचाळीस बसलीत का?"

"केंद्राची यादी माझ्या फोनवर आहे. सगळी काल संध्याकाळी बसली."

"मी वर कळवते. पण कंपनीचा अधिकृत संदेश सोमवारी जाईल. वकिलांना दाखवावा लागतो. तोवर तुम्ही दोघं कुणाशी काही बोलू नका, प्लीज. काकांची नोकरी जाईल."

सहा महिन्यांनी हे निवृत्त होणार होते. मी फोन ठेवला आणि यांच्या पाठीकडं बघत राहिले.

डोंगराच्या पायथ्याशी स्कूटर आडवी टाकली आणि धावलो. माझं वय छप्पन्न, यांचं एकोणसाठ. अर्ध्याच्या वर गेल्यावर वरच्या वळणावर हिरवं लुगडं दिसलं. आक्का ताठ उभ्या होत्या. कठड्याला हात नव्हता. काठी नाही, दोन्ही हातांत अर्घ्याचं ताट. उजवं पाऊल वरच्या पायरीवर ठेवलेलं, आता भार टाकायच्याच बेतात.

"आक्का!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "बसा! आहे तिथं खाली बसा!"

माझा आवाज मोठा आहे, घरात त्यावरून बोलणी खाते. त्या दिवशी कामाला आला. आक्का दचकल्या, पाऊल मागं घेतलं आणि पायरीवर बसल्या. मग आम्हाला बघून असं तोंड केलं म्हणता! "आलात का? इथवर आलात? मला एक दिवस सुखानं—"

"चाक बिघडलंय," हे धापा टाकत म्हणाले. "मी बिघडवलंय, आक्का." आणि तिथंच, बायकांच्या घोळक्यासमोर, डबीपासून मुठीपर्यंत सगळं सांगून टाकलं. लहान पोरानं सांगावं तसं, एक गोष्ट दोनदोनदा.

आक्का ऐकून घेत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "विजू, तू सांग. मोडेल का?"

"मोडेलच असं नाही," मी म्हटलं. "पण मोडणार नाही असं मी सही करून सांगू शकत नाही. काल केली, ती खोटी केली मी. न बघता."

त्यांनी वर बघितलं. कळस दिसत होता. मला वाटलं, आता ही बाई उठणार आणि आम्हाला हट्टानं चढून दाखवणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे त्यांना उचलायला पुढं झाले तर हात झटकला. मग स्वतःच पट्टे सोडले, पायजोड काढून बाजूला ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

"ही चाकं किती जणांना बसलीत?"

"एकेचाळीस," मी म्हटलं. "कंपनी सोमवारी कळवणार आहे."

"आणि सोमवारपर्यंत ती माणसं चालायची थांबणार आहेत का?"

मी यांच्याकडं बघितलं. हेब्बाळे काय म्हणाली ते मी यांना सांगितलं, नोकरीचंसुद्धा. सांगायलाच हवं होतं. हे आक्काच्या शेजारी पायरीवर बसले, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "यादी वाच."

मी नाव आणि नंबर वाचायचा, यांनी फोन लावायचा. पहिल्या फोनला काय बोलायचं तेच सुचेना, तीनदा अडखळले. चौथ्या-पाचव्यापर्यंत वाक्य बसलं. "नमस्कार. मी पायगोंडा मगदूम, कारखान्यात भट्टीवर असतो. तुमच्या गुडघ्यातलं चाक माझ्या हातून बिघडलंय. तुम्ही आहात तिथं बसा आणि पायजोड काढा. नवीन चाक येईपर्यंत घालू नका." कुणी घाबरलं, कुणी आभार मानले, कुणाला पटेना. गडहिंग्लजच्या एका आजोबांनी विचारलं, "मग मी आता शेतातनं घरी कसा जाऊ?" यांनी त्यांच्या मुलाचा नंबर घेतला आणि त्यालाही फोन केला. एका मुलीची परीक्षा होती, ती रडायला लागली, तिच्याशी आक्का बोलल्या. मी प्रत्येकाला सांगत होते की तपासणीची सही माझी होती, चूक माझीही आहे. आक्काच्या मैत्रिणी वर जाऊन दर्शन करून परत आल्या, तरी आमचं चाललंच होतं.

सव्विसावा फोन निपाणीच्या सदलगे गुरुजींचा. यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "मोडलं ते. सकाळी आठला, बसमधून उतरताना. मनगट गेलंय माझं. आता सांगताय?" आणि मग जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. हे फोन कानाला लावून उभे राहिले आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मी उद्या भेटायला येतो, गुरुजी. समोर बोला मला." आणि खरंच गेले दुसऱ्या दिवशी.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. यांना कामावरून कमी केलं, निरोपसमारंभ नाही, काही नाही. मला महिनाभर घरी बसवलं. परत आलेली चाकं मी स्वतः हातोड्याच्या परीक्षेला लावली आणि पहिल्याचेच एका घावात चार तुकडे झाले. डॉक्टर हेब्बाळे आठवडाभर आमच्याशी बोलत नव्हती. मग एका रविवारी वही घेऊन घरी आली आणि यांच्यासमोर मांडी घालून बसली. "काका, चिमूट म्हणजे नक्की किती? मला हाताला दाखवा." आता तिथं ट्रेला लेप मोजून देणारं यंत्र आहे, आणि कृतीच्या कागदावर तो लिहिलेला आहे. तिनं आपला जुना निबंध मागं घेतला, नवीन लिहिला. सोपं नसतं ते. आणि आक्का चढल्या. दीड महिन्यानं, नवीन चाकावर, वरच्या शेवटच्या पायरीपर्यंत. यांना त्यांनी पायथ्याशीच बसवलं होतं, मागं फक्त मी.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं. चाळीस फोन झाले होते. ऊन कलायला लागलं होतं आणि यांचा घसा बसला होता. मी यादी बंद करून फोन पिशवीत टाकायला लागले.

"अजून एक राहिलंय," हे म्हणाले.

"एकेचाळिसावं नाव आक्काचं आहे. त्या तर इथंच बसल्यात."

"वाच."

मी वाचलं. "पद्मावती मगदूम, हुपरी." नंबर सांगायची गरज नव्हती, यांनी लावला. आक्काच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी फोनकडं बघितलं, हातभर अंतरावर बसलेल्या भावाकडं बघितलं, पदर सारखा केला आणि उचलला.

"कोण बोलतंय?"

"नमस्कार. मी पायगोंडा मगदूम, कारखान्यात भट्टीवर असतो." समोरच्या दरीकडं बघत हे बोलत होते. "तुमच्या गुडघ्यातलं चाक माझ्या हातून बिघडलंय. तुम्ही आहात तिथं बसा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आक्काला तुम्ही म्हटलं, कारण ते वाक्यच तसं होतं. "नवीन चाक येईपर्यंत—"

"बसलेय मी," आक्का फोनमध्ये म्हणाल्या. "एक विचारू का, मगदूम? तुम्हाला लहानाचं मोठं कुणी केलं?"

यांचे खांदे हलायला लागले.

"कुणी का केलं असेना," आक्का म्हणाल्या, "तिला सांगा, पोरगं चांगलं निघालं."

फोन दोघांनीही कानाला तसाच धरून ठेवला होता. शेवटी मीच दोघांच्या हातातले काढून घेतले आणि पिशवीत टाकले.